टीव्ही फोर-के, सिग्नल जुनाच: सांगलीत ५५ इंची घेतल्यानंतरचे दोन महिने

टीव्ही बघायला निघाले तेव्हा पिशवीत घरचा केबलचा बॉक्स घेतला होता. सोबत त्याचं ॲडाप्टर, एचडीएमआयची वायर आणि रिमोट. सांगली-मिरज रोडवरच्या मोठ्या शोरूममध्ये भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं. आधी लाल चोचीचा पोपट, मग टोमॅटोवर पडणारं पाणी, मग बर्फाचे डोंगर. तिथल्या मुलाला म्हटलं, "बाळ, हा बॉक्स जोड आणि मला बातम्यांचं चॅनल लावून दाखव." तो आत जाऊन विचारून आला. म्हणाला, "काकू, आमच्याकडं केबलची लाईन नाही. पेनड्राइव्हवरच दाखवतोय आम्ही. घरी पण असंच दिसतंय बघा."

घरी असं दिसत नाही. हे मी पंचवीस वर्षं लोकांच्या घरात उभी राहून बघितलंय.

१९९४ ते २०१९ आमची गावभागात केबलची लाईन होती. खांबावर चढणं, वायर ओढणं हे ह्यांचं आणि कामावरच्या दोन पोरांचं काम. बिलं गोळा करणं, तक्रारी ऐकणं आणि घरात जाऊन चॅनल लावून देणं माझ्याकडे. ६४० घरं होती. कुणाकडे कुठला टीव्ही, तो कुठल्या भिंतीला, आजी किती लांब बसतात, सगळं मला पाठ होतं. २०१९ च्या महापुरात सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर गेले, गल्ल्यांत सिग्नल वाटणारे नोड गेले, तळमजल्यांवरचे बॉक्स गेले, आणि आम्ही लाईन दुसऱ्याला देऊन टाकली. आता मी नुसती ग्राहक आहे. पण टीव्ही घेताना पोपट बघून घ्यायचा नाही, आपला सिग्नल लावून घ्यायचा, एवढं त्या कामाने शिकवलंय.

दुसरं दुकान मारुती चौकाजवळचं, लहान. मालक काउंटरवर केबलवर बातम्या लावूनच बसले होते. पिशवीतून बॉक्स काढल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. "वहिनी, त्यात काय, जोडू की," म्हणाले आणि स्वतःच्या टीव्हीची वायर काढून माझ्या बॉक्सला दिली. मग तोच बॉक्स ४३, ५० आणि ५५ इंची अशा तीन टीव्हींना आळीपाळीने लावला. यात पाऊण तास गेला. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तरी त्यांनी घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "एसडी, म्हणजे जुन्या साध्या चित्राची चॅनलच बघणार असाल तर ४३ च्या वर जाऊ नका. पैसे जातील आणि चित्र फाटकं दिसेल." मोठा टीव्ही विकला तर ज्याला जास्त मिळणार आहे तो माणूस हे आपणहून सांगतो, तेव्हा मी दुसरं दुकान शोधत नाही.

तरी घेतला ५५ इंचीच, कारण आबा. माझे सासरे, वय ८२, साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. मिरजेला दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर आबा घरातल्या वस्तू एकेक करून नव्याने बघायला लागले. जुना ३२ इंची टीव्ही बघून म्हणाले, "हा एवढा बारका होता व्हय?" त्या दिवशीच ठरवलं. एचडी, म्हणजे जास्त बारीक चित्राचा, बॉक्स घ्यायचाही निर्णय तेव्हाच झाला, म्हणून दुकानदारांचा सल्ला ऐकूनही मोठा घेता आला.

४२ हजार पडले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याचा फायदा झाला. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, टीव्ही घरी आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक कुठल्याही कंपनीच्या फोर-के टीव्हीला लागू आहे.

पहिल्या संध्याकाळी एचडी बॉक्स आलेला नव्हता. जुन्या एसडी बॉक्सवर मालिका लावली आणि घरात सगळे गप्प. माणसांच्या कडा पुसल्यासारख्या, खालची बातम्यांची पट्टी वाचता येईना, चेहरे मेणाचे. जुन्या ३२ इंचीवर हेच चॅनल बरं दिसायचं. मुलगा म्हणाला, टीव्ही बदलून आणू या. टीव्हीत काही बिघाड नव्हता.

याचं गणित सोपं आहे. एसडी चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. एचडीत १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार. फोर-के म्हणजे अल्ट्रा एचडी, त्यात ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. भागून बघा, फोर-के पडद्यावर एसडीच्या बरोबर वीसपट ठिपके येतात. केबलमधून एक ठिपका येतो आणि उरलेले एकोणीस टीव्हीला शेजारचे रंग बघून अंदाजाने भरावे लागतात. एचडीवर चारातले तीन भरायचे असतात. चारातले तीन चांगला टीव्ही बेमालूम भरतो, विसातले एकोणीस कुणालाच नीट भरता येत नाहीत. त्यात केबलवाला जास्त चॅनल बसवायला सिग्नल दाबतो, मग त्या दाबण्याचे चौकोनही वीसपट मोठे होऊन दिसतात.

चौथ्या दिवशी एचडी बॉक्स आला आणि तोच टीव्ही वेगळा झाला. आबांना बातम्यांची पट्टी चष्म्याशिवाय वाचता आली. निवेदिकेच्या साडीचा काठ दिसला. इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: ज्या घरात फोर-के टीव्ही आहे आणि बॉक्स अजून एसडी आहे, त्यांनी आधी बॉक्स बदलावा. सांगलीत अशी घरं मोजायला बसले तर माझ्या ओळखीतलीच वीस-पंचवीस निघतील. चाळीस हजारांचा टीव्ही, आणि त्याच्या मागे आठ वर्षांपूर्वीचा डबा.

पुढची गोष्ट बसण्याच्या जागेची. ही दुकानात कुणी सांगत नाही. एचडी चित्र पूर्ण टिपायचं तर पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसावं लागतं. फोर-के चित्र पूर्ण टिपायचं तर दीडपट. ५५ इंची टीव्हीची उंची २७ इंच. म्हणजे एचडीला पावणेसात फूट आणि फोर-के ला साडेतीन फुटांच्याही आत. आमच्या माजघरात आबांची खुर्ची दहा फुटांवर होती. दहा फुटांवरून ५५ इंची पडद्यावर एचडी आणि फोर-के यांतला ठिपक्यांचा फरक चांगल्या डोळ्यांनाही जवळपास कळत नाही. मी टेप धरून खुर्ची सात फुटांवर आणली. एवढ्यानेच जो फरक पडला तो पाच हजार जास्त देऊन पडला नसता. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या लांबट खोल्या, एका टोकाला टीव्ही आणि दुसऱ्या टोकाला पलंग. तिथे फोर-के घेऊन मिळतं ते मोठेपण आणि रंग.

रंगांचं खरं आहे. अल्ट्रा एचडीच्या ठरलेल्या नियमांत नुसते ठिपके वाढवलेले नाहीत. रंगांचा पल्ला वाढवलाय, उजेड आणि अंधार यांतलं अंतर वाढवलंय आणि सेकंदाला ५० पूर्ण चित्रं द्यायची सोय आहे. आपली एचडी चॅनल साधारणपणे अर्धी चित्रं पाठवतात, एकदा विषम ओळी, एकदा सम. टीव्ही त्या ओळी सांधतो. बॉल सीमारेषेकडे जाताना त्याला जी शेपटी येते, ती बऱ्याचदा त्या सांध्याची असते. क्रिकेट बघणाऱ्या देशाला फोर-के प्रक्षेपणाचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला असता.

पण बघायला मिळतं कुठे? २०१५ च्या वर्ल्डकपच्या सुमाराला देशात डीटीएचवर फोर-के चे बॉक्स आले, त्या स्पर्धेतले काही सामने फोर-के मध्ये दाखवलेही. आम्ही तेव्हा लाईनवाले होतो. वाटलं, आता दोन-तीन वर्षांत केबललाही हे करावं लागणार. दहा वर्षं झाली. आजही मराठीचं एकसुद्धा चॅनल फोर-के मध्ये येत नाही. दूरदर्शन १९८२ च्या एशियाडला रंगीत झालं, २०१० च्या कॉमनवेल्थ खेळांना एचडीत आलं. मराठी मनोरंजन वाहिन्या एचडीत आल्या त्या २०१६ मध्ये. देशात एचडी आल्यावर मराठीत यायला सहा वर्षं लागली, हे बघितलं की फोर-के चा अंदाज येतो.

लोक म्हणतात केबलवाले कंजूष आहेत. मी त्या बाजूला होते म्हणून सांगते, अडचण जागेची आहे. केबलमधली जागा आठ-आठ मेगाहर्ट्झच्या कप्प्यांत वाटलेली असते. एका कप्प्यातून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट जातात. त्यात दाबून बसवली तर एसडीची पंधरा-वीस चॅनल बसतात, एचडीची पाच-सहा, आणि नीट पाठवायचं म्हटलं तर खेळाचं फोर-के एक. एका फोर-के साठी पंधरा चॅनल काढायची, तर कुठली? कन्नड काढली तर आमच्या गल्लीतली चार घरं दारात येतील, भक्तीची काढली तर चाळीस. उपग्रहावरही हिशोब असाच आहे, तिथे भाडं आणखी जास्त. २०१३ साली एचईव्हीसी नावाची दाबण्याची नवी पद्धत ठरली, तिने जागा जवळपास निम्मी लागते. पण ती उलगडणारा बॉक्स घरात पाहिजे. पुन्हा बॉक्सवर येऊन अडतं.

बाहेरच्या देशांतही हेच झालंय. जपानने १ डिसेंबर २०१८ ला उपग्रहावरून फोर-के आणि एट-के चं प्रक्षेपण सुरू केलं, पण आधी फोर-के टीव्ही घेऊन ठेवलेल्या लोकांना सिग्नल पकडणारा वेगळा ट्यूनर घ्यावा लागला, कारण त्यांच्या टीव्हीत तो नव्हताच. कोरियाने ३१ मे २०१७ ला अँटेनावरून अल्ट्रा एचडी सुरू केलं. तिथेही आधी विकलेले टीव्ही वेगळ्या पद्धतीचे निघाले आणि मध्ये डबा बसवावा लागला. टीव्ही आधी विकला जातो, सिग्नल मागून येतो, आणि येतो तेव्हा त्या टीव्हीशी जुळेलच असं नाही. मला स्पेनचं पटलं. त्यांनी १४ फेब्रुवारी २०२४ ला अँटेनावरचं एसडी बंदच केलं, सगळं एचडी केलं आणि रिकाम्या झालेल्या जागेत अल्ट्रा एचडीला वाट दिली.

आपल्याकडे असं एका दिवसात करता येणार नाही हे मला कळतं. महिन्याचा पैसा भरायचा नाही म्हणून फ्री डिश लावलेली कोट्यवधी घरं आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत केबलचे नवे दर आले तेव्हा महिना १३० रुपये अधिक कर यात १०० एसडी चॅनल होती आणि एक एचडी चॅनल दोन एसडीच्या बरोबरीचं धरलं जायचं. म्हणजे एचडी घेणाऱ्याची यादी अर्धी. मी घरोघरी तो कागद घेऊन फिरले. बायका शंभर आकडा बघायच्या आणि एसडी म्हणायच्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

चुकलं ते पुरानंतर. पाणी उतरल्यावर गल्लीतल्या घरांना नवे बॉक्स लागणारच होते. जुने सगळे चिखलात गेलेले. त्या वेळी एचडी बॉक्स दिले असते तर आज गावभाग अख्खा एचडीवर असता. एचडी बॉक्स जुन्या डबा टीव्हीलाही तीन रंगांच्या पिनांनी चालतो, त्यामुळे कुणाचा टीव्ही बंद पडला नसता. तेव्हा लाईन आमच्याकडून गेलेली होती. ज्यांनी बॉक्स दिले त्यांनी परत एसडीच दिले, काही शेकड्यांचा फरक वाचवायला. मी जाऊन बोलले, उपयोग झाला नाही. सहा वर्षं झाली तरी ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. लोकांकडे मोठे टीव्ही येत गेले आणि मागचा डबा तोच राहिला.

खरं फोर-के मी या टीव्हीवर बघितलं ते इंटरनेटवरूनच. यूट्यूबवर कृष्णेचा ड्रोनमधून काढलेला एक व्हिडिओ मुलाने लावला. खुर्ची आणखी पुढे ओढून आबा बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "पाण्यावरचं ऊन दिसतंय गं." बाकी कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी टीव्हीचे पैसे वसूल झाले असं मला वाटलं. मात्र फोर-के ला तासाला सात जीबीच्या आसपास डेटा लागतो, फायबर असेल तरच हे करावं. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फोर-के मध्ये फुकट होती, तेव्हा आमच्याकडे हा टीव्ही नव्हता.

आणि इंटरनेट प्रक्षेपणाची जागा घेत नाही, हे २ नोव्हेंबरला कळलं. महिला वर्ल्डकपची फायनल, आणि आमच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना सलामीला. पावसाने सामना तीनऐवजी पाचला सुरू झाला. ॲपवरचं चित्र केबलपेक्षा स्वच्छ होतं म्हणून आम्ही ॲप लावलं. गल्लीत सगळीकडे केबल. स्मृती ४५ वर खेळत होती, आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपला उभी, आणि चारही बाजूंनी "अरेरे" ऐकू आलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. अर्ध्या मिनिटाने आमच्याकडे ती बाद झाली. मी तिथेच केबलवर आले. शेफालीच्या ८७ पर्यंत आणि पुढे दीप्तीच्या पाच विकेटपर्यंत सगळं गल्लीबरोबर बघितलं. रात्री बाराच्या सुमाराला हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा आमच्या घरातला आणि बाहेरचा आवाज एकाच वेळी उठला. एका वायरीतून सगळ्या घरांना एकाच क्षणी पोचवणं ही प्रक्षेपणाची ताकद आहे. ॲपला प्रत्येक घराची वेगळी धार सोडावी लागते. एवढं चांगलं चित्र त्या एका वायरीतून का येऊ नये, असं वाटतं.

आता टीव्हीबद्दल. पॅनल चांगलं आहे, बाजूने बघितलं तरी रंग उडत नाहीत. कारखान्यातून तो 'व्हिव्हिड' या भडक रंगांच्या सेटिंगवर येतो, ते आधी बदला. सिनेमा किंवा स्टँडर्डवर माणसांची कातडी माणसांसारखी दिसते. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग मालिकांना बंद ठेवा, नाहीतर सगळं नाटकाच्या तालमीसारखं दिसतं. क्रिकेटला आम्ही कमी पातळीवर ठेवलंय. एसडी चॅनल बघावंच लागलं तर चित्र ताणू नका, ४:३ वर ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत.

आवाज वाईट आहे. स्पीकर खाली तोंड करून बसवलेत. नाट्यगीत लावलं की ऑर्गन कुठे आणि तबला कुठे कळत नाही, आणि विष्णुदास भाव्यांच्या गावातल्या घरात हे चालत नाही. जुना ॲम्प्लिफायर जोडून आम्ही भागवलं.

रिमोटवर आकडेच नाहीत. ८२ वर्षांच्या माणसाला आधी 'होम', मग इनपुट, मग बॉक्सचा वेगळा रिमोट, हे नको होतं. टीव्ही चालू झाला की थेट केबलवर यावा असं सेटिंग आत खोलवर सापडलं. ते करून दिल्यावर आबा आता एकाच रिमोटवर आहेत. ज्यांच्या घरी वयस्कर आहेत त्यांनी दुकानातच हे सेटिंग आहे का विचारून घ्यावं. भिंतीवर लावायला आलेल्या माणसाने स्टँडचे वेगळे ९०० रुपये घेतले, बिलात ते नव्हते.

घ्यावा का? एचडी बॉक्स घेणार असाल आणि सात-आठ फुटांवर बसणार असाल तर ५५ घ्या, समाधान मिळेल. एसडीवरच राहणार असाल तर ४३, आणि वाचलेल्या पैशांतून पुढेमागे बॉक्स. फोर-के चॅनल येतील या आशेवर जास्तीचे पैसे घालू नका. ती येतील तेव्हा त्यांना वेगळा बॉक्स लागेल, टीव्ही कितीही महाग असला तरी.

दुकानाला माझ्याकडून पाचापैकी पाच. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींना घेऊन परत गेले होते, पिशवीत बॉक्स होताच. मालकांनी हसून हात केला. डेमोच्या टीव्हीला त्यांनी आता केबलची वायर कायमची दिलीय, एसडी आणि एचडी दोन्ही बॉक्स शेजारी-शेजारी. वहिनींनी दोन्ही लावून बघितले आणि ४३ इंची घेतला, एचडी बॉक्सचा अर्जही तिथूनच भरला.